टाच दाखवायला आले, मी नखं बघितली

चिठ्ठीवर एवढंच होतं: टाचदुखी, अल्ट्रासाउंड थेरपी, स्ट्रेचिंग. फिजिओथेरपीत असे पेशंट रोजचेच. सकाळी पहिलं पाऊल टेकवताना कळ येते आणि थोडं चाललं की पाय मोकळा होतो. या गृहस्थांचं काही वेगळंच होतं. उठल्यावर तासभर टाच आणि कंबर आखडलेली, हिंडल्याफिरल्यावर बरं, आडवं झालं की पुन्हा दुखणं सुरू. पहाटे कमरेने जागही यायची.

तळव्याला दाबलं, काही नाही. मागे पोटरीचा टेंडन हाडाला जिथे चिकटतो तिथे बोट लावलं मात्र, त्यांनी पाय झटकन ओढून घेतला. मोजा काढायला लावला, तर चौथं बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखं सुजलेलं.

"ते युरिक अॅसिडचं आहे," ते म्हणाले. "रक्तात आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय, म्हणजे संधिवात नाही."

हाताची नखं बघितली. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, दोन नखं टोकाकडून सुटलेली.

"त्वचेचं काही?"

"डोक्यात सोरायसिस आहे, कॉलेजपासून. पण त्याचा टाचेशी काय संबंध?"

त्वचेचं त्वचेच्या डॉक्टरांना, हाडांचं हाडांच्या डॉक्टरांना. दोन्ही एका ठिकाणी कुणी बोललंच नव्हतं. सोरायसिस असलेल्या 100 जणांपैकी 30 पर्यंत लोकांना सोरायटिक आर्थ्रायटिस हा सांध्यांचा आजार होऊ शकतो, बहुतेकदा चट्ट्यांनंतर कित्येक वर्षांनी. त्यात आरए फॅक्टर सहसा निगेटिव्हच असतो आणि युरिक अॅसिड नुसत्या सोरायसिसनेही वाढतं. नखाचं मूळ तर बोटाच्या शेवटच्या सांध्याच्या टेंडनला अगदी बिलगून असतं, म्हणून नखं बघायची.

त्या दिवशी स्ट्रेचिंग केलं नाही. सुजलेल्या जागेला ताण देऊन काय मिळवणार? चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. निदान त्याच सोरायटिक आर्थ्रायटिसचं झालं. मेथोट्रेक्सेट सुरू झालं, तेही आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. कमरेला तिचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे पुढे बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ठराविक भाग दाबणारं इंजेक्शन द्यावं लागलं, तेही आधी टीबीची तपासणी करून.

कंबर सुटल्यावर ते पुन्हा माझ्याकडे आले, पाठीच्या आणि छातीच्या व्यायामासाठी. बोटाची सूज उतरायला मात्र बराच वेळ लागला.