‘पेरू दाखव’ म्हटलं की तो गप्प व्हायचा

माझ्या पीएच.डी.चा विषय तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा शब्दसंग्रह. अंगणवाड्या नागपुरातल्याच निवडल्या, कारण मी इथेच वाढले. आरआरसीपुढचं (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढचं) सादरीकरण, नैतिकता समिती, बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं परवानगीपत्र यांतच सात महिने गेले.

खरी परीक्षा संमतीपत्राची होती. एका आईने कागद हातात धरला आणि विचारलं, “मॅडम, सही नाही केली तर पोराचं नाव कापता का?” अंगणवाडीत नाव म्हणजे आहार, लसीकरण, सगळंच. तिला वाटलेली भीती अगदी रास्त होती. मग मी कागद वाटणं बंद केलं. प्रत्येक आईजवळ बसून मजकूर वाचून दाखवायचा आणि ‘नाही म्हणालात तरी काही बदलत नाही’ हे सगळ्यात आधी सांगायचं, असं ठरवलं. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी तटस्थ साक्षीदार घ्यावा, असं आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. सेविकाताई यादी ठेवतात, म्हणून त्यांना साक्षीदार केलं नाही. शेजारच्या बाईंना बोलावलं.

मग पूर्वचाचणी. एका पानावर चार चित्रं, मी शब्द उच्चारायचा, मुलाने बोट ठेवायचं. साडेचार वर्षांचा एक मुलगा चटपटीत होता, सगळ्यांच्या चपला जोडीने लावून आत आलेला. ‘पेरू दाखव’ म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ‘कोथिंबीर’लाही तेच. ‘कात्री’ला त्याने चुकीच्या चित्रावर बोट ठेवलं. मी तीन शून्यं लिहिली.

भांडी आवरता आवरता मदतनीस मावशी म्हणाल्या, “अवो मॅडम, त्याले सारं येते. जाम म्हणा, सांबार म्हणा, कैची म्हणा, मंग पाहा.”

माझा हात थांबला. आमच्याकडे पेरू म्हणजे जाम, कोथिंबीर म्हणजे सांबार, कात्री म्हणजे कैची. माझ्या आईने मला आयुष्यभर ‘सांबार निवड’ म्हणून सांगितलं आहे. तरी चाचणी मराठीत आणताना मी पाठ्यपुस्तकातले शब्द घेतले आणि मला ते खटकलंही नाही. ती शून्यं तशीच राहिली असती, तर माझ्या प्रबंधात या वस्तीतली मुलं ‘भाषेत मागे’ ठरली असती.

चाचणीच्या पद्धतीने मूल अडतं, हे माझ्या वाचनात होतं. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या प्रयोगात मण्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एक मोठ्या माणसाने लांबवली की लहान मुलं म्हणतात, मणी वाढले. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी तीच रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. हे मी वर्गात शिकवलंसुद्धा होतं.

शब्दांची यादी घेऊन मी आयांमध्ये बसले. बटाटा–आलू, शेंगदाणे–फल्लीदाणे, अशा जोड्या निघत गेल्या. द्विभाषिक मुलांच्या अभ्यासात शब्द कोणत्याही भाषेतला असो, संकल्पना कळली की गुण देण्याची पद्धत आहे, तीच घेतली. मार्गदर्शकांची शंका होती, की मग ही प्रमाणित चाचणी कशी राहील? शंका योग्यच होती. म्हणून बदललेली चाचणी पुन्हा नैतिकता समितीपुढे ठेवली, त्याच मुलांची दोन आठवड्यांनी फेरचाचणी घेतली, गुण दोन परीक्षकांनी वेगवेगळे दिले आणि ताडून पाहिले. पहिल्या फेरीची सगळी माहिती मुख्य अभ्यासातून वगळली. यात आणखी पाच महिने गेले, आणि मला त्यातला एकही वाया गेला असं वाटत नाही.

फेरचाचणीत त्या मुलाला म्हटलं, “जाम दाखव.” त्याने बोट ठेवलं आणि तसंच ठेवून सांगितलं, “आमच्या घरामांगं झाड हाये. पण आता कच्चेच हायेत.”