तुम्ही विचारलंत म्हणून : देवाकडे तक्रार करावी का?

घरात मृत्यू झाला किंवा आजार लांबला की चर्चच्या मंडळीतली माणसं हलक्या आवाजात विचारतात, "देवाला जाब विचारला तर तो अविश्वास का? आणि दुःखातून बळ मिळतं म्हणतात, ते मिळतं तरी कसं?"

अविश्वास मुळीच नाही. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी, म्हणजे प्रार्थनागीतांपैकी, तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. प्रभू येशूने वधस्तंभावर जो आक्रोश केला, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", तो 22 व्या स्तोत्राचाच आरंभ.

बळासाठी 13 वं स्तोत्र घ्या. वचनं सहाच. पहिल्या दोनांत "कोठवर?" हा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. मोठ्याने वाचा, कारण मनात वाचताना नजर तक्रार ओलांडून पुढे पळते. मग वहीत तुमचे "कोठवर" लिहा, आजाराचं, कर्जाचं, माणसाचं नाव घेऊन. त्याखाली एकच स्पष्ट मागणी. पाचवं वचन मनातून येत नसेल तर ओढूनताणून म्हणू नका. चौथ्यावर थांबा, उद्या पुन्हा पहिल्यापासून. तेवढंही जमेना तर 88 वं स्तोत्र आहे. ते भरवशाकडे वळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

बिघडतं ते घाईमुळे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल क्रम देतो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा शेवटी येते, आणि आपण ती अंत्यविधीच्या दिवशीच मागतो. बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून त्यांनी त्याचं पाप शोधायला घेतलं आणि शेवटी देवाचा कोप ओढवून घेतला. सांत्वनाला जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

बळ आलं म्हणजे दुःख गेलं, असंही नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी त्यानंतरही सोडलं नाही. 1922 मध्ये त्या गेल्या.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. नवऱ्याची मारहाण सोसत राहणं म्हणजे वधस्तंभ वाहणं नव्हे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं प्रभूनेच शिष्यांना सांगितलं. पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो. तेव्हा प्रार्थना चालू ठेवा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नका, आणि जिवाला धोका असेल तर आधी घराबाहेर पडा.