तुम्ही विचारलंत म्हणून: एक नंबर भरीत कुठे मिळतं?

थंडी पडायला लागली की माझा फोन सुरू होतो. पुण्याची नणंद, नाशिकचे जुने शेजारी, ऑफिसात नवीन बदलून आलेल्या मॅडम, सगळ्यांचा प्रश्न एकच, तुम्ही लोक दर हिवाळ्यात भरीत खात हिंडता, मार्क देता, मग सांगा ना जळगावकडे एक नंबर भरीत कुठे मिळतं. मी एकच नाव सांगत नाही म्हणून लोकांना वाटतं मी लपवते. लपवत नाही हो. आज नीट बसून सांगते.

आम्ही सहा जण. मी, माझे मिस्टर, दीर-जाऊ, मिस्टरांचा बँकेतला मित्र आणि आमचे मामा, ज्यांनी पंधरा वर्षं स्वतः वांगी लावली. चार हिवाळे झाले आता. सुरुवात चंपाषष्ठीनंतर, कारण सासूबाई चातुर्मासापासून घरात वांगं येऊ देत नाहीत, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग मोकळं. त्यानंतरच्या रविवारपासून एका दिवसात तीन ठिकाणं, जास्त नाही, कारण चौथ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही, नुसतं पोट बोलतं. कधी जळगाव शहरातलीच भरीत सेंटरं, कधी असोदे (बहिणाबाईंचं माहेर, आणि वांग्यासाठीही गाव प्रसिद्ध), कधी भुसावळवरून तापी ओलांडून बामणोद, फैजपूर. बाहेरच्यांसाठी सांगते, भरीत सेंटर म्हणजे हिवाळ्यात चालणारं दुकान, किलोवर तयार भरीत मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी तुम्ही तुमची वांगी नेऊन दिली तर भाजून ठेचून देतात.

पहिल्या वर्षी मार्कांचा नुसता गोंधळ झाला. पहिलाच घास घेऊन जाऊबाई म्हणाल्या, "अगं काय भारी आहे!" आणि सगळ्यांनी दहापैकी नऊ देऊन टाकले. दुसऱ्या ठिकाणी पुरी गरम आणि फुगलेली होती, तिथेही नऊ. घरी येऊन कागद बघितले तर तिन्ही ठिकाणं सारखी, म्हणजे दिवसभर फिरून काहीच कळलं नाही. मग मित्राने नियम केले. लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पहिला घास नुसता, पुरी नाही, कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेली) भाकरी नाही, कांदा नाही. आणि जिथे मिळेल तिथे कच्चं भरीत, म्हणजे बिनफोडणीचं, आधी चाखायचं, फोडणीचं नंतर.

हा कच्च्याचा नियम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. फोडणी वाईट असते असं मी म्हणत नाहीये, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, लसूण, कांद्याची पात असं सगळं तेलात परतून भरीत टाकलं की घरभर वास सुटतो, मला स्वतःला तेच आवडतं. पण तेल आणि लसूण खूप काही झाकतात. पाणचट वांगं झाकतात, जून वांग्याच्या बिया झाकतात. कच्च्यात काही झाकता येत नाही.

मार्क चाळीसपैकी. पंधरा वांग्याला, दहा भाजणीला, पाच ठेचण्याला, पाच मिरची-लसणाला, पाच सोबतच्या पुरी, भाकरी, कढीला. लोक म्हणतात वांग्याला एवढे कशाला, वांगं तर सगळ्यांचं सारखंच. नाही हो! इकडचं भरताचं वांगं हिरवट-पांढरं, मोठं, गर भरपूर आणि बिया कमी, पुण्यात तुम्ही जे जांभळं आणता ते ते नाही, म्हणून नणंदेचं भरीत माझ्याच पद्धतीने करूनही वेगळं लागतं. २०१६ मध्ये या जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या केळीसोबतच, तेव्हा मामांनी पेढे वाटले होते. वांगं कसं निवडायचं तेही मामांनीच शिकवलं. देठ हिरवागार हवा, साल ताणलेली, चकचकीत, आणि हातात घेतलं की आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड लागलं की समजायचं आत बिया भरल्यात.

भाजणीला दहा का, ते बामणोदला बघितलं. शेताच्या कडेला उघड्यावर कपाशीच्या वाळलेल्या काड्या आणि थोड्या तुराट्या रचलेल्या, त्यावर पंचवीस-तीस वांगी, प्रत्येकाला तेलाचा हात लावलेला आणि सुरीने टोचलेलं, नाहीतर आगीत फुटतात. काड्या पेटल्या की जाळ एकदम माणसाच्या कमरेएवढा होतो आणि लगेच बसतो, म्हणून एक दादा एका हाताने काड्या सारत होते आणि दुसऱ्या हातातल्या लांब काठीने वांगी फिरवत होते, एक सेकंद हात थांबला नाही. सालीचा कोळसा झाला, देठाजवळ पाण्याचे बुडबुडे यायला लागले, मग बाहेर. दोन काकू तांब्यात बोटं बुडवून बुडवून गरम वांगी सोलत होत्या, देठाला धरून, वर साल ओढली की आतून फिकट हिरवा गर निघतो आणि त्याला तो काड्यांचा धूर लागलेला असतो. मग लाकडी बडगीत आधी मिरची-लसूण ठेचायचा, त्यावर गर. मिक्सर नाही, मिक्सरने लगदा होतो, बडगीत रेषा राहतात. केळीच्या पानावर वाढलं, आणि नियमाप्रमाणे सहाही जण गप्प बसून खात होतो तर काकूंना वाटलं आवडलं नाही. "काय झालं भो, मीठ कमी पडलं का?" तेव्हा मामांना नियम मोडून बोलावं लागलं.

तिथे चौतीस मार्क पडले, आमचे आजवरचे सगळ्यात जास्त.

याउलट एका ठिकाणी, नाव नाही सांगत, वांगं उत्तम असून भाजणीला दोनच मार्क पडले. मामांनी नुसत्या वासावरून ओळखलं की गॅसवर भाजलंय. विचारलं तर मालकांनी सरळ सांगितलं, आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला, काड्या ओल्या, रविवारची गर्दी, करणार काय. त्यांचं मला पटलं, पण मार्क जे ताटात आहे त्यालाच.

आता मूळ प्रश्न. बामणोदला चौतीस पडले म्हणून मीच सगळ्यांना ते सांगत सुटले होते. मिस्टरांचे साहेब फेब्रुवारीच्या शेवटी फॅमिली घेऊन गेले आणि आल्यावर म्हणाले ठीक होतं. मला इतकं वाईट वाटलं की आम्ही पुढच्याच रविवारी परत गेलो, तेच शेत, तीच बडगी, त्याच काकू, आणि कच्च्याचा पहिला घास घेतला तर दातात बिया आणि मागून कडवट. तेवीस. काकू स्वतःच म्हणाल्या, आता ऊन तापलं, वांगं जून झालं, डिसेंबरात यायचं होतं. मग आम्ही चारही वर्षांचे कागद काढून तारखेने लावले. डिसेंबर आणि जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत साध्यातल्या साध्या सेंटरलाही अठ्ठावीसच्या खाली कोणी नाही, आणि संक्रांतीनंतर जसजसं पुढे जावं तसे वांग्याच्या पंधरातले मार्क कमी होत जातात, भाजणारा तोच असला तरी.

म्हणून मी "कुठे" सांगत नाही, "कधी" सांगते. डिसेंबरात या. सकाळी तोडलेलं वांगं असेल तिथे जा, काउंटरवर किंमत विचारायच्या आधी विचारा की वांगी कुठली आणि कधी तोडली, आणि मागे जाऊन बघा काड्या पेटल्यात की गॅस. टोमॅटो टाकलेला दिसला तर मी तरी बसत नाही. बाकी असोदे असो, फैजपूर असो की रिंगरोडवरचं सेंटर असो, तुमचं जेवण चांगलंच होईल.

नणंदबाई, तुमचं तिकीट मार्चचं आहे असं कळलं. बदलून घ्या. चंपाषष्ठीनंतरच्या दुसऱ्या रविवारी गाडीत एक जागा आहे, मामा पुढे बसतात, बाकी कुठेही बसा, कागद-पेन मी देते.