आधी पाणी, मग मासे

आमच्या मुलुंडच्या घरात गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं आहेत. खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची ठरवली तेव्हा मात्र माशांपेक्षा पाण्याचाच विचार जास्त करावा लागला. "समुद्र एवढा जवळ आहे, चार कॅन भरून आण की," असं सगळे म्हणायचे. पण मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी मिसळतं, गाळ असतो आणि पावसाळ्यात पाण्याचा खारेपणाही उतरतो. म्हणून आरओचं पाणी डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून) काढलं, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण शून्यावर आणलं आणि त्यात मरीन सॉल्ट, म्हणजे समुद्राच्या पाण्यासारखं तयार मीठ विरघळवलं, लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ इथे कामाचं नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळंच लागतं. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर साध्या पाण्याच्या तुलनेत घनता 1.025 आली, समुद्राच्या पाण्याइतकी.

टाकीत मांडायचे दगड कोरडेच घेतले. प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळे आपल्या समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगड घरात नकोच.

पण कोऱ्या दगडावर जिवाणू नसतात, आणि खरी टाकी म्हणजे तेच जिवाणू. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो माशांना जाळतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना सहज जातो. मी बाटलीतले जिवाणू सोडले आणि त्यांना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड, पाण्यातला अमोनिया 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) होईपर्यंत. यासाठी जिवंत मासा सोडून त्याला होरपळू देण्याची पद्धत मला क्रूर वाटते.

आई रोज विचारायची, "अरे, मासे कधी?" मी तिला टेस्टच्या नळ्या दाखवायचो. आधी अमोनिया ओसरला, नायट्राइट चढलं आणि तिथेच अडून बसलं. दगडांवर तपकिरी थर आला. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, नव्या टाकीत येतात आणि आपसूक जातात, म्हणून मी त्यांना हात लावला नाही.

मुंबईत खरा खर्च चिलरचा, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सहज 30 अंशांवर जातं, हवं असतं 25-26. पंखा लावून बाष्पीभवनाने थोडा फरक पडतो, पण आपल्या दमट हवेत पुरेसा नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

शेवटी वस्ती बसली का ते पाहायला पुन्हा 2 पीपीएम अमोनिया घातला आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य! इतका आनंद मला गोड्या पाण्याच्या टाकीने कधी दिला नव्हता. नायट्रेट बरंच साचलं होतं, म्हणून निम्म्याहून जास्त पाणी बदललं आणि समुद्रातून न पकडलेल्या, टाकीतच पैदास झालेल्या क्लाउनफिशची एक जोडी आणली. मिळेल तेवढ्या खाद्यावरच जिवाणूंची वस्ती टिकते आणि वाढते, त्यामुळे पुढचा मासा सावकाश, मधल्या काळात अमोनिया मोजत राहूनच.