झाकण उघडे का, हे तुम्ही विचारलेत म्हणून

इंदूरला सुदामानगरातल्या आमच्या घरी येणारे लोक माझ्या टेबलाकडे पाहून बहुधा एकच प्रश्न विचारतात: "काका, या रेडिओचे झाकण कधी लागलेले दिसत नाही, हा सदाच बिघडलेला असतो का?" गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने त्याला जोडप्रश्न काढला, "मामा, तयार सेट मिळतात, तर हा उद्योग कशासाठी?" दोघांनाही चहाच्या कपाएवढ्या वेळात पुरेल असे उत्तर मी आजवर देऊ शकलेलो नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी हा सेट काय आहे ते सांगतो. हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या सेटवरून इतरांशी हवेवर बोलण्याचा, परवाना असलेल्यांना आपल्याकडे 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरता येतो, आणि त्याच पट्ट्यावर बोलण्या-ऐकण्यासाठी हा सुमारे 7 वॅटचा सेट मी घरी जुळवलेला आहे. त्याचा मूळ आराखडा हैदराबादच्या अश्हर फरहान यांचा, 'बिटएक्स' नावाचा. परदेशी टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या चुंबकीय कड्या) सहज मिळत नसत, त्या काळात त्यांनी कॉइल गुंडाळण्यासाठी चक्क नळाचे वॉशर सुचवले होते, आणि बाकीचे ट्रान्झिस्टर, डायोड, क्रिस्टल असे निवडले होते की ते कोणत्याही शहराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळावेत. मीही बहुतेक सामान महाराणी रोडवरच्या दुकानांतून, एकेक रुपयाचे रेझिस्टर मोजून घेत, दोन पावसाळ्यांत गोळा केले. या आराखड्याची खरी खुबी अशी की त्यातले ॲम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात: ऐकताना सिग्नल ज्या क्रिस्टल फिल्टरमधून (हवी तेवढीच फ्रिक्वेन्सी पुढे सोडणाऱ्या भागातून) आत येतो, त्याच फिल्टरमधून बोलताना उलट्या दिशेने बाहेर जातो. ही गोष्ट पुढे बिघाड शोधताना फार कामाला येते.

इतक्या कमी ताकदीत काय होणार, अशी शंका येते. बाजारातला तयार सेट साधारण 100 वॅटचा असतो. त्याच्यात आणि माझ्या 7 वॅटमध्ये फरक सुमारे 11.5 डेसिबलचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) दोन घरांपेक्षा थोडा कमी. हवाई रेषेत सुमारे 500 किलोमीटरवर असलेले पुणे मला सकाळी आरामात ऐकते.

आता बिघाडाकडे वळतो. नवशिक्याचा हात सर्वांत आधी सोल्डरिंग आयर्नकडे जातो. माझाही जात असे. आता मी आधी पाच मिनिटे नुसता ऐकत बसतो. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला पेचकसाचे पाते लावले आणि स्पीकरमध्ये गुणगुण आली, तर तिथून पुढचा ऑडिओ भाग ठीक आहे. ॲन्टेनाची पिन काढल्यावर खरखर कमी झाली, तर ॲन्टेनाच्या टोकापासून स्पीकरपर्यंतची सगळी वाट जिवंत आहे. ऐकू नीट येते पण बोललेले बाहेर जात नाही, अशी तक्रार असेल, तर क्रिस्टल फिल्टर आणि ऑसिलेटर (सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) यांच्यावर वेळ घालवण्याचे कारणच उरत नाही, कारण तेच भाग ऐकतानाही कामावर होते. शोध माइकचा ॲम्प्लिफायर, रिले आणि शेवटचे दोन-तीन टप्पे यांच्यापुरता उरतो. त्यानंतर मल्टिमीटर घ्यावा आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बेस त्याच्या एमिटरपेक्षा 0.6 ते 0.7 व्होल्ट वर आहे का, एवढे पाहावे. मुद्दाम महागड्या उपकरणाची गरज पडत नाही. एक जर्मेनियम डायोड आणि एक कपॅसिटर जोडून केलेला, रेडिओ सिग्नलची व्होल्टता मीटरवर दाखवणारा प्रोब, आणि 1 किलोओहमचे 2 वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडून केलेला 50 ओहमचा डमी लोड (चाचणीसाठी ॲन्टेनाऐवजी जोडायचा भार), एवढ्यावर माझे चालते. त्या लोडवर 7 वॅट निघत असतील, तर शिखर व्होल्टता 26 च्या किंचित वर यायला हवी. डायोडमध्ये थोडी पडते ती धरून प्रोबने 20 च्या खाली दाखवले, की कुठे तरी गळती आहे असे समजायचे. (वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाहीत, कारण ते स्वतःच कॉइल असतात. हे मला एका दुकानदाराने नव्हे, तर दोन दिवसांच्या निरर्थक मोजणीने शिकवले.)

हे सगळे ठाऊक असूनही मी सर्वांत जास्त फसलो तो प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी नागपूरचे एक परिचित हवेवर म्हणाले, "तुमचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतोय, आणि प्रत्येक शब्दाबरोबर वरखाली झुलतोय." बोलताना आवाज झुलतो याचा अर्थ ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी स्थिर नाही, हे निदान बरोबर होते. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. ऑसिलेटरची कॉइल सैल असेल म्हणून ती पुन्हा गुंडाळून मेणात बसवली. साध्या सिरॅमिक कपॅसिटरची किंमत तापमानाबरोबर सरकते, म्हणून ते काढून तापमानाने न सरकणारे एनपीओ जातीचे लावले. उष्णता पोचू नये म्हणून आउटपुट ट्रान्झिस्टर आणि ऑसिलेटर यांच्यामध्ये पत्र्याची भिंत उभी केली. यांतला प्रत्येक बदल आपल्या जागी चांगला होता आणि आजही सेटमध्ये आहे. तक्रार मात्र तशीच राहिली. तीन आठवडे गेले.

शेवटी कंटाळून मी मल्टिमीटरचे एक टोक सेटच्या बोर्डावर, जिथे 12 व्होल्टची तार येते तिथे, कायमचे धरून ठेवले आणि डमी लोडवर मोठ्याने "हॅलो" म्हटले. गप्प असताना 12.1 दाखवणारा काटा (माझा मीटर जुना, काट्याचा आहे) "हॅलो"सरशी 10.6 पर्यंत घसरला. बॅटरीच्या टर्मिनलवर त्याच क्षणी 12.3 होते. म्हणजे बॅटरी ठीक होती आणि सेटही ठीक होता. दोघांच्या मधल्या दोन हात लांबीच्या तारेत 1.7 व्होल्ट गायब होत होते. बोलताना सेट सुमारे 1.4 ॲम्पियर घेतो, म्हणजे त्या वाटेत 1.2 ओहमचा अडथळा. माझ्या ऑसिलेटरला व्होल्टता स्थिर ठेवणारा 9 व्होल्टचा 7809 रेग्युलेटर आहे, आणि त्याला आपले काम करण्यासाठी आत येणारी व्होल्टता साधारण 11 च्या वर लागते. 10.6 ला त्याने हात टेकले होते. त्यामुळे प्रत्येक शब्दाच्या जोराबरोबर ऑसिलेटरची व्होल्टता हलत होती, आणि तिच्याबरोबर फ्रिक्वेन्सी. ऐकताना हे का कळले नाही, याचे उत्तरही त्याच हिशेबात आहे: ऐकताना सेट जेमतेम 0.15 ॲम्पियर घेतो, त्यामुळे त्याच 1.2 ओहमवर पडणारी व्होल्टता 0.2 सुद्धा नव्हती.

तो अडथळा निघाला काचेच्या फ्यूजच्या होल्डरमध्ये. आत स्प्रिंगला हिरवट बुरशीसारखा गंज धरला होता. सौभाग्यवतींनी तो पाहून विचारले, "यासाठी तीन आठवडे?" होल्डर मी 15 रुपयांना घेतलेला होता, आणि नवाही जवळपास तेवढ्यालाच मिळाला.

तेव्हापासून मी टेबलाशेजारच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. सेट दुरुस्त झाल्यावर, सगळे ठीक चालत असताना, कोणत्या जागी किती व्होल्ट आणि किती करंट होता, याची ती यादी आहे. एखाद्या निरोगी माणसाचे रक्त तपासून ठेवावे, तसे हे आहे. बिघाड झाल्यावर मोजलेला आकडा एकटा काही सांगत नाही. तो आधी किती होता हे ठाऊक असेल, तरच बोलतो. माझा मूळ दोष हाच होता की सेट चालत असताना मला तो मोजण्याची गरज वाटली नव्हती.

आउटपुटच्या आयआरएफ510 विषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी लोक हमखास विचारतात. हा मूळचा पॉवर सप्लायमधल्या स्विचिंगसाठी बनवलेला स्वस्त मॉसफेट (एका जातीचा ट्रान्झिस्टर), आम्ही तो रेडिओत राबवतो. मी आजवर सात जाळले आहेत. दोन जळाले ते त्याची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते हे विसरून, अभ्रक न घालता हीटसिंकवर कसल्याने. एक ॲन्टेनाविना बोलल्याने. उरलेले चार बायसच्या प्रीसेटमुळे, म्हणजे गेटची व्होल्टता ठरवणाऱ्या, पेचाने फिरवायच्या रेझिस्टरमुळे: गेटवर 2 ते 4 व्होल्टच्या दरम्यान कुठे तरी हा मॉसफेट उघडायला लागतो, आणि एकदा लागला की प्रीसेटच्या केसभर फिरण्यानेही करंट झपाट्याने चढतो. म्हणून प्रीसेट आधी पूर्ण शून्याकडे आहे याची मीटरने खात्री करावी, मालिकेत ॲम्पियर मीटर ठेवावा, माइक बंद ठेवून बोलण्याचे बटण दाबावे आणि करंट 100 मिलिॲम्पियरने वाढेपर्यंतच पेच फिरवावा. प्रीसेटची शून्याची बाजू कोणती, हे डोळ्यांनी ठरवणे हाच माझा चार वेळा झालेला गुन्हा.

सुधारणांच्या बाबतीत माझे मत काहींना पटत नाही. या सेटला 24 व्होल्ट देऊन ताकद वाढवण्याचा मोह सर्वांना होतो. 7 वॅटचे 14 केले, तर मिळतात 3 डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर अर्धे घर. त्यासाठी मॉसफेट तापतो, सप्लाय दुसरा लागतो आणि वरचे हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) वाढले नाहीत ना हे नव्याने तपासावे लागते. त्यापेक्षा गच्चीवरचा 20 मीटरचा डायपोल (तारेचा ॲन्टेना) एका टोकाला पाण्याच्या टाकीला चिकटला होता, तो सोडवून बांबूवर चढवला, त्याचा फायदा मला ऐकताना आणि बोलताना असा दोन्हीकडे झाला.

मनापासून केलेली सुधारणा म्हणजे एजीसी, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय. मूळ आराखड्यात ती नाही, त्यामुळे दूरचा क्षीण आवाज ऐकण्यासाठी व्हॉल्यूम वाढवलेला असताना शहरातलाच कोणी बोलू लागला की कानठळ्या बसत. ऑडिओचाच थोडा भाग डायोडने सरळ करून, त्यावर एक छोटा मॉसफेट चालवून मी आवाज दाबण्याची सोय केली. पहिल्या प्रयत्नात कपॅसिटर 1 मायक्रोफॅरडचा लावला, तर दोन शब्दांमधल्या फटीत खरखर उसळून वर येई आणि पुढच्या शब्दाने पुन्हा दबे. ऐकणाऱ्याला धाप लागल्यासारखे होई. 10 मायक्रोफॅरड केल्यावर ती थांबली, पण आता मोठ्या आवाजानंतर क्षीण स्टेशन परत ऐकू यायला पाऊण सेकंद लागतो. मधला, 4.7 चा, लावून पाहायचा आहे. तो सेटमध्ये ठेवलेला आहे, एकच पाय जोडलेला.

झाकण उघडे असण्याचे हे एक कारण झाले. दुसरे अधिक साधे आहे. माझा ऑसिलेटर कॉइलचा आहे, आणि पत्र्याचे झाकण त्या कॉइलच्या जवळ आले की तिचे इंडक्टन्स घटते व फ्रिक्वेन्सी वर सरकते. गेल्या वर्षी भाच्याच्या आग्रहाने मी झाकण लावले, तेव्हा ती जवळपास 3 किलोहर्ट्झने सरकली, आणि डायलवर मी पेन्सिलीने केलेल्या सगळ्या खुणा खोट्या ठरल्या. सकाळी साडेसातला ठरलेल्या जागी पुण्याच्या मित्राला हाक मारली, तर तिथे कोणीच नव्हते; तो शेजारी 3 किलोहर्ट्झवर माझी वाट पाहत होता. यावर उपाय आहे: झाकणाला ट्रिमरच्या (फ्रिक्वेन्सी जुळवण्याच्या छोट्या फिरत्या कपॅसिटरच्या) बरोबर वर एक भोक पाडायचे आणि झाकण लागलेले असताना प्लॅस्टिकच्या पेचकसाने ट्रिमर जुळवायचा. ड्रिलचे 6 मिलिमीटरचे पाते आणून ठेवले आहे. फक्त त्या कपॅसिटरचे आधी ठरू दे.