गाविलगड लेकरांना दाखवा, पण पीर फतेह दरवाज्याखाली उतरू नका

मुद्द्याचं आधी सांगते. चिखलदऱ्याला लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन पायी फिरायचं असेल तर गाविलगड किल्ला एक नंबर जागा आहे, पण फक्त दरवाजे, तोफा आणि आतले तलाव एवढंच. त्याच्या पुढे कोणी "चला वहिनी, पाच मिंटाचं उतरन हाय, व्ह्यू दाखवतो" म्हणून किल्ल्याच्या पीर फतेह दरवाज्याच्या खाली नेत असेल तर जागेवरून हलू नका. पैसे घेतले असतील तरी हलू नका.

आम्ही दर्यापूरचे, दिवाळी झाल्यावर कापसाचा पहिला वेचा आटोपला तसे निघालो, आमचं घर आणि दिराचं घर मिळून, सोबत सासूबाई, आणि लेकरांत सगळ्यात लहान जावेची पोरगी, सात वर्षांची. बूट, टोप्या, पाणी, काठ्या सगळं होतं, ते काही इथे सांगत बसत नाही, ज्याला डोंगरात जायचं त्याला तेवढं कळतंच. सासूबाई आजही वावरात दिवसभर वाकून काम करतात, त्यामुळे चालायची भीती आम्हाला कोणालाच नव्हती.

जिथे मुक्काम केला तिथल्या माणसाने रात्रीच जेवताना सांगितलं की किल्ल्यात "फॅमिली ट्रेल" आहे, पूर्ण सपाट, तीन तास, लेकरं नाचत जातात, गाडी आणि गाइड मिळून बाराशे, सगळं त्यातच. मी दोनदा विचारलं, तिकीट पण त्यातच का? "हो ना ताई, सगळं." सकाळी वनखात्याच्या नाक्यावर तिकिटं आम्हीच काढली. गाडी फक्त सोडायची होती, आणायला वेगळे पैसे, हे परत निघताना कळलं. आणि गाइड म्हणून आलेला पोरगा किल्ल्यात आधी किती वेळा गेला होता देव जाणे, कारण वाट विचारायला तो सारखा फोन लावत होता आणि तिथे रेंज येत नव्हती.

किल्ल्याचा पहिला भाग मात्र खरंच भारी आहे, त्यात काही खोटं नाही. एकामागे एक दरवाजे लागतात. शार्दूल दरवाज्यावरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड लेकरांना नक्की दाखवा, हत्ती पकडलेला पक्षी दगडात कोरलाय, आमची पोट्टी तिथून हलायलाच तयार नव्हती. ही इमादशाहीची खूण मानतात, वऱ्हाडची स्वतःची शाही होती हे आपल्याच लेकरांना माहीत नसतं, तिथे उभं राहून सांगितलं की डोक्यात बसतं. पुढे तोफा, मग तलाव, मोठमोठी झाडं, सावलीत बसून शिदोरी खायला एकदम मस्त. इथपर्यंत चढ-उतार आहे पण सासूबाई काठी न टेकता आल्या. इथूनच मागे फिरा.

आम्हाला पुढे नेलं. तलाव सोडल्यावर वाट म्हणून काही राहत नाही, डोक्याएवढं वाळलेलं गवत, त्यातून ढोरवाट. दिवाळीनंतरचं गवत म्हणजे कुसळं. मोज्यात शिरलेलं कुसळ प्रत्येक पावलाला आत आत जातं, दिराच्या पोराच्या घोट्याला रक्त आलं तेव्हा कळलं. आणि त्याहून वाईट खाजकुहिली. वेलीवर शेंगा लटकलेल्या असतात, सोनेरी लव असलेल्या, दिसायला मखमलीसारख्या, लेकरू हात लावणारच. सात वर्षांच्या पोरीने लावला. दोन मिनिटांत रडणं सुरू, हात लाल, मान लाल, खाजवेल तिथे आणखी पसरतं. चोळायचं नाही, दुसऱ्याचा हातही लावायचा नाही. आमच्याकडे पुडे बांधायची चिकटपट्टी होती, ती चिकटवून ओढून ओढून लव काढली, मग पुष्कळ पाण्याने हात धुतला. पिशवीत चिकटपट्टी ठेवाच, औषधाच्या डब्यापेक्षा तीच कामी आली. आणि आत शिरायच्या आधीच लेकरांना ती शेंग कशी दिसते ते नीट सांगून ठेवा.

आता तो पीर फतेह दरवाजा. दरवाज्यात उभं राहिलं की खाली सगळं वऱ्हाडचं मैदान दिसतं, कापसाची वावरं, गावं, खूप सुंदर, तिथेच थांबायचं. पण तो पोरगा म्हणाला खाली थोडं उतरलं की अजून चांगलं दिसते. खाली जुन्या पायऱ्यांचे दगड निखळलेले, त्यावर मुरूम, पाय टाकला की घसरतो, धरायला बाजूला फक्त काटेरी झुडपं. पाच मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास उतरत राहिलो, दर वळणावर "आता आलंच", आणि सासूबाई शेवटी बसून उतरायला लागल्या. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला तेव्हा त्यांचा सेनापती वेलस्ली स्वतः या खालच्या अंगाला होता, तरी मोठ्या तोफा इकडून चढवल्या नाहीत, त्या त्यांच्याच स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या लवाडा गावाकडून माणसांकडून ओढून नेल्या. ज्या उतारावर मोठी तोफ चढली नाही तिथे सात वर्षांचं लेकरू उतरवायचं आणि त्याला फॅमिली ट्रेल म्हणायचं, याचा मला अजून राग आहे.

शेवटी जाऊबाईंनी सांगितलं की बस, इथून एक पाऊल पुढे नाही. चढून येणं उतरण्यापेक्षा सोपं होतं पण दुपारचं ऊन सरळ अंगावर, सावलीच नाही. पाणी माणशी दोन लिटर घेतलं होतं, ते दरवाज्यात पोचेपर्यंत संपत आलं. नवऱ्याने पोरीला खांद्यावर घेतलं आणि दिराने आईला हात देत देत वर आणलं. बाहेर नाक्यावरच्या वनरक्षकाने पहिलं हेच विचारलं, "तिकडं कोन घेऊन गेलं तुमाले? तिकडं अस्वल रायते." हे सकाळीच विचारून घेतलं तर बरं, नाक्यावरची माणसं खरं सांगतात, आज कुठली वाट चालू, कुठे जनावर दिसलं, सगळं. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, त्यामुळे त्यांचाच शब्द शेवटचा समजा.

मुक्कामी आल्यावर बाराशेचे अठराशे मागितले, "टाइम जास्त लागला ना". दिराने बाराशेच ठेवले आणि आम्ही सकाळी जागा बदलली. तुम्ही ठरवाल तेव्हा चार गोष्टी चार माणसांसमोर बोलून घ्या: जायचे-यायचे दोन्ही पैसे, तिकीट कोणाकडे, गाइड किती वेळ, आणि कुठपर्यंत. कागदावर लिहून घेतलं तर उत्तम. खरं तर किल्ल्याला गाडीच लागत नाही, गावातून पायी जाता येतं, आणि गाइड हवा असेल तर नाक्यावर विचारून तिथल्याच गावातला कोरकू आदिवासी माणूस घ्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तसंच केलं, तो माणूस लेकरांच्या चालीने चालला, प्रत्येक झाडाचं नाव सांगितलं आणि ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही.

बाकीच्या जागांचं थोडक्यात. देवी पॉइंट लेकरांना घेऊन निवांत होतो, कपारीतलं देऊळ, वरून पाणी ठिबकतं, पायऱ्या ओल्या असतात एवढं बघा. पंचबोलला कॉफीच्या झाडांजवळून जायला छान वाटतं, दरीत ओरडलं की आवाज परत येतो, पण कड्याशी लेकराचा हात सोडू नका, सेल्फीसाठी तर अजिबात नाही. भीमकुंड वरूनच बघा. सेमाडोह-कोलकासचा दिवस मजेत गेला, सिपना नदी, जंगल, झोप, त्यात सांगण्यासारखं काही नाही, तिथे तसंही मनाने पायी फिरता येत नाही.

नरनाळा किल्ल्याचं लोक विचारतात म्हणून. अकोटवरून शहानूरला जायचं, तिथे वनखात्याचा नाका. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, म्हणून ज्यांच्या घरी गुडघे दुखणारं माणूस आहे त्यांनी गाविलगड सोडून नरनाळाच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. १४८७ चा महाकाली दरवाजा बघितला की पैसे वसूल, एवढी बारीक दगडातली नक्षी आणि अक्षरं वऱ्हाडात दुसरीकडे मी पाहिली नाहीत. नऊगजी तोफ लेकरांना आवडते. किल्ला फार मोठा आहे, सगळा बघायचा हट्ट करू नका.

कधी जायचं? डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगलं, गवत बसलेलं असतं, थंडी मात्र कडाक्याची, चिखलदरा १,११८ मीटरवर आहे, आपल्या खालच्या गावातला स्वेटर पुरत नाही. पावसाळ्यात सुंदर असतं हे खरं, पण सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, लेकरांना घेऊन पायी चालायची ती वेळ नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी झाडाखाली अस्वल असू शकतं, त्या दिवसांत उजाडल्यावर निघा आणि चारच्या आत परत या, बोलत बोलत चाला म्हणजे त्याला आधी कळतं.

खाण्यासाठी मोथा गावच्या गवळ्यांचा खवा घ्या, सकाळी लवकर. गावातल्या टपरीवर पिठलं-भाकर मिळते, आधी सांगावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही. परतवाड्यावरून तीसेक किलोमीटर घाट आहे, पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच करून घ्या, वर रेंज गेली की ऑनलाइन पैसे जात नाहीत. एसटीने येणार असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा. लेकरू ओकणारं असेल तर खिडकीची जागा आणि हलकं पोट, धामणगाव गढीच्या बाजूने आलं तरी वळणं आहेतच.