'निसर्ग कोपला' का खोडता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दरड कोसळली की त्या पावसाळ्यात संपादनासाठी येणाऱ्या लेखांत 'निसर्ग कोपला' हमखास असतं, आणि मी ते हमखास खोडते. लेखक वैतागतात, "अहो, बोलायची पद्धत आहे ती!"

पद्धत जुनी आहे, आणि तिच्यावरचं भांडणही. सतराव्या शतकापर्यंत युरोपातले विद्वान सांगत, निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, म्हणून पंपात पाणी वर चढतं. पण दहाएक मीटरच्या वर ते काही केल्या चढेना. तिटकाऱ्यालाही मोजमाप? टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली लिहिलं, आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. सगळा भार त्या हवेचा, तोच पंपातलं पाणी वर ढकलतो. मग १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रेंच गणिती पास्कलच्या सांगण्यावरून, त्याचा मेहुणा पेरिये पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या पुई द दोम डोंगरावर गेला. दुसरी नळी खाली क्लेर्माँ गावातल्या मठाच्या बागेत, एका साधूच्या नजरेखाली. खालचा पारा दिवसभर जागचा हलला नाही. माथ्यावरचा तीन इंचांहून जास्त उतरला: वर हवा कमी, म्हणून भारही कमी. आता डोंगर चढून निसर्गाचा तिटकारा दमला म्हणायचं का?

रॉबर्ट बॉइलने (शाळेत वायूच्या नियमात भेटलेला, तोच) १६८६ साली या 'निसर्गा'ची झडती घेणारं अख्खं पुस्तक काढलं. तो पक्का ख्रिस्ती. देव आणि जड वस्तू यांच्यामध्ये बसवलेली ही अर्धी देवी त्याला खपत नव्हती. शिवाय तिचं नाव घेतलं की खरं कारण शोधायचं राहतं. त्याने त्या एका शब्दाचे आठेक अर्थ वेगळे काढले आणि प्रत्येकासाठी दुसरा शब्द वापरा म्हणून सुचवलं. आपल्याकडे निसर्ग, सृष्टी, प्रकृती, स्वभाव असे शब्द आयतेच आहेत. तरी आपण कोपायला निसर्गालाच पुढे करतो. मग डोंगराचा पायथा कोणी कापला, उताराखाली घरं कोणाच्या सहीने उभी राहिली, हे लेखात येतच नाही. माझा राग त्यावर आहे.

बॉइलचं सगळं मला पटतं असं मात्र नाही. त्याचं जग म्हणजे स्ट्रासबुर्गच्या चर्चमधलं ते प्रसिद्ध यांत्रिक घड्याळ: कारागिराने एकदा जुळवलं, चाकं आपापली फिरतात. १६९८ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझने याच वादात उडी घेतली आणि विचारलं, देवाने आज्ञा दिली खरी, पण त्या आज्ञेचं वस्तूंच्या आत काहीच उरलं नसेल, तर आज त्या चालतात कशाच्या बळावर? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. म्हणून गेल्या महिन्यात एका शेतकरी लेखकाने 'वर यायचं हा बियाण्याचा स्वभावच' असं लिहिलं, तेव्हा पेन्सिल टेकवली, थोडा वेळ बसले, आणि वाक्य तसंच जाऊ दिलं.